शोध कोणाचा?

कोलंबस १४९२ सालीं क्यूबाच्या किनाऱ्यास लागला, तेव्हां त्यानें त्या बेटाचा ‘शोध’ लावला असें म्हणतात. तेथें आधींपासून नांदणाऱ्या लोकांस हा शब्द कसा वाटला असता? लॅटिन अमेरिकेचें नवनवें संगीत ‘शोधून काढणाऱ्या’ आजच्या रसिकासहि हाच प्रश्न विचारला पाहिजे. १९९६ सालीं हवाना शहरांत ध्वनिमुद्रित होऊन पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या गीतसंचानें इब्राहिम फेरेर या वृद्ध गायकाचें नांव जगभर नेलें. तत्पूर्वीं हा गृहस्थ जोड्यांस पॉलिश करून चार पैसे मिळवीत असे. गळा तोच होता, गाणींहि बहुतेक जुनींच. नवे होते ते ऐकणारे कान.

मग नव्याची आवड हा दोष काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ती नसती, तर फेरेर जगास अज्ञातच राहिला असता. दोष आहे तो ‘लॅटिन’ या एका नांवाखालीं सारें कोंबून तृप्त होण्यांत. कोलंबियाच्या कुंबियांत आफ्रिकेंतून दास म्हणून आणलेल्यांचे ढोल आहेत, मूळ रहिवाशांच्या बांसऱ्या आहेत, आणि शब्द स्पॅनिश आहेत. ब्राझीलचा सांबा तर पोर्तुगीज बोलतो. हा इतिहास न जाणतां ठेका धरणें म्हणजे यजमानाचें नांवहि न विचारतां पंगतींतून उठणें होय. रसिकानें स्वतःस शोधक न म्हणवितां पाहुणा म्हणवावें. पाहुण्यास आनंदाचा अधिकार असतो, तसेंच यजमानाचें ऋणहि असतें.