मद्यत्याग आणि मेजवानीची पंगत

ज्याने मद्य सोडले आहे अशा गृहस्थाने, जेथे मद्याचे पेले फिरतात त्या पंक्तीस बसावे की बसू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याचा त्याग अद्याप कोवळा आहे, त्याच्या कुटुंबाचे स्वास्थ्य कित्येकदा याच एका प्रश्नावर अवलंबून असते.

चेन्नईच्या दक्षिणेस, बकिंगहॅम कालव्याच्या काठी शोळिंगनल्लूर आहे. प्रत्यंगिरा देवीचे मंदिर असलेली ही वस्ती आज संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी भरून गेली असून तेथे नोकरीस गेलेल्यांत मराठी मंडळीही आहेत. एखादे काम तडीस गेले, कोणास बढती मिळाली, की एखाद्या तारांकित हॉटेलात मेजवानी ठरते. सहा महिन्यांपूर्वी मद्य सोडलेला एक गृहस्थ अशा मेजवानीस निघाला आहे असे समजू. पत्नीने काही विचारलेले नाही; पण आपण परत येईपर्यंत ती जागी राहणार, हे त्यास ठाऊक आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, आहार तोडणाऱ्या मनुष्यापासून विषय दूर होतात, मात्र त्यांची गोडी मागे राहते. ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच निवृत्त होते. मद्याच्या बाबतीत याचा प्रत्यय फार लवकर येतो. पेल्यात बर्फ पडल्याचा आवाजही जुनी ओढ जागी करण्यास पुरे होतो. येथेच कोणी चतुर मित्र म्हणतो, ‘मनातून गेलेली नाही ना? मग हे सोडणे ढोंगच!’ आणि त्यासाठी तिसऱ्या अध्यायातील मिथ्याचाराचा दाखलाही देतो. हा अर्थ विपरीत आहे. इंद्रिये आवरून मनात विषयांचे चिंतन करीत बसणारा मिथ्याचारी होय; परंतु मनात उठलेल्या ओढीशी जो झगडतो तो नव्हे. मनाने इंद्रियांना नियमात ठेवून कर्म करणाऱ्याची प्रशंसा भगवंतांनी त्याच्या पुढच्याच श्लोकात केली आहे. तो श्लोक त्या मित्रास सहसा आठवत नाही.

तेव्हा जावे की न जावे, हे ज्याने त्याने स्वतःचे बळ जोखून ठरवावे. त्याग नवा असता निमंत्रण नाकारणे यात भीरुता नाही. जाणे प्राप्तच असेल तर उपाशी पोटी जाऊ नये, सोबतच्या एका विश्वासू माणसास आधीच सांगून ठेवावे, बसताक्षणी ताक, शहाळे किंवा लिंबू-सोडा मागवावा आणि जेवण आटोपताच निघावे. उंची उपाहारगृहांत काही रस्स्यांत वाइन आणि काही मिष्टान्नांत रम घालतात. ते वाढप्यास न लाजता विचारावे. जे नित्य व पुष्कळ पीत आले, त्यांनी तर व्रताच्या भरात एका दिवसात मद्य तोडू नये; अशाने झटके येऊन प्राणावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडावे. या कामासाठी शांती रंगनाथन यांनी १९८० साली चेन्नईत, तर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ ही संस्था उभी केली.

राज्याच्या कुंपणावर विसंबता येत नाही. राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आरंभिली आणि १९४८ मध्ये ती सर्व मद्रास प्रांतास लागू झाली. १९७१ मध्ये ती उठली. पुढे कधी आली, कधी गेली. आणि २००३ पासून तेथील किरकोळ मद्यविक्री सरकारी महामंडळच करीत आले आहे.

राहिला यजमान. मराठी पंक्तीत आग्रह हा आदराचाच भाग मानला जातो. जिलबीच्या आग्रहाने फार तर अजीर्ण होईल. पेल्याच्या आग्रहाने एखाद्याचे सहा महिन्यांचे तप एका घोटात वाहून जाते. म्हणून पाहुण्याने एकदा ‘नको’ म्हटल्यावर कारण विचारू नये, थट्टा करू नये, ‘आजच्या दिवस तरी’ असे तर मुळीच म्हणू नये. त्यागी पुरुषानेही इतरांचे पेले मोजत बसू नये. त्या मोजण्यात अहंकार आहे आणि विषयाचे चिंतनही. त्याने शेजाऱ्याशी बोलावे, मुलाबाळांची विचारपूस करावी, आणि निघताना घरी फोन करून सांगावे की आता निघालो आहे.