आधी टेबल वाच, मग वाक

हरलास म्हणून मी चिडलेलो नाही. चार-चार अशी बरोबरी असताना नवव्या गेममध्ये दोघांपैकी एक हरणारच होता. पण क्यू स्टँडला लावताना तू म्हणालास, "सर, निदान घाबरून तरी खेळलो नाही," आणि तुझ्या दोघा दोस्तांनी माना डोलावल्या. राग आला तो त्याचा. आता खाली बस आणि पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलायचं नाही.

तो शेवटचा गेम डोळ्यांसमोर आण. पट्ट्यांचे बॉल तुझे होते. त्यातले सहा तू एका दमात पाडलेस. हात छान चालला होता, ते मी नाकारत नाही. उरला एकटा बारा नंबर. तो लांब कुशनला टेकून, आठाला चिकटून बसला होता, आणि ब्रेकपासून तिथेच होता. खोलीतल्या प्रत्येकाला तो दिसत होता. तुला दिसला तो सगळ्यात शेवटी, बाकी काही मारायला उरलं नाही तेव्हा. मग तू काय केलंस? तो आडवा पलीकडच्या मधल्या पॉकेटात घालायला गेलास. बारा पॉकेटच्या टोकावर आपटून परत आला, आठ सुटून मोकळा झाला आणि पांढरा टेबलाच्या मधोमध येऊन थांबला. समोरच्या मुलाचे पाच बॉल शिल्लक होते. त्याने ते पाचही घेतले, वर आठ घेतला, आणि त्याला एकदाही वाट वाकडी करावी लागली नाही. कशी लागेल? त्याच्या वाटेत उभे राहणारे तुझे सहा बॉल तूच उचलून बाजूला ठेवले होतेस.

हे नीट डोक्यात घाल. आठ बॉलच्या खेळात टेबलावरचे तुझे बॉल म्हणजे नुसतं उरलेलं काम नसतं. ते तुझे पहारेकरी असतात. समोरच्याचा मार्ग अडवतात, पॉकेटच्या तोंडाशी उभे राहून ते बंद करतात. शेवटपर्यंत पोचण्याची वाट दिसत असेल तरच टेबल साफ करायला घ्यावं. वाट दिसत नसताना सहा बॉल पाडणं म्हणजे समोरच्याचं काम करून देणं. त्या गेममध्ये तुझा पहिलाच बॉल हे ठरवण्याची जागा होती. दहा नंबर पाडताना पांढरा पुढे नेऊन ती बारा-आठाची जोडी फोडता आली असती, आणि तेव्हा ती फुटली नसती तरी तुझे पाच बॉल हाताशी होते. ते तू केलं नाहीस, कारण दहा सरळ होता आणि सरळ बॉल दिसला की तुझं डोकं बंद पडतं.

बरं, तिथे चुकलास. तरी शेवटच्या बॉलवर वाचायची सोय होती. बाराच्या कडेला हलकेच लागून पांढरा खालच्या आखूड कुशनपर्यंत आणायचा होता, बारा-आठाच्या जोडीच्या आड. बारा जागचा फारसा हलला नसता, आठ त्याला चिकटूनच राहिला असता, आणि त्या मुलाला स्वतःचा एकही बॉल सरळ दिसला नसता. त्याने फाउल केला असता तर पांढरा तुझ्या हातात. फाउल नसता केला, तरी बहुतेक पुन्हा तुझाच डाव. हा शॉट तुला येतो. मी स्वतः तुझ्याकडून तो घोटून घेतला आहे.

ते न करता तू म्हणतोस, घाबरलो नाही. अरे, घाबरण्याचा इथे संबंध काय? मला हिशेब सांग. तो आडवा बँक शॉट तू दहा वेळा लावलास तर किती वेळा पडतो? चार म्हण, मी वाद घालणार नाही. म्हणजे दहातले सहा गेम तू तिथेच हरतोस, कारण चुकल्यावर टेबल उघडं पडतं. उरलेल्या चारांतही आठ पाडायचा राहतोच. आता समोरच्याला स्वतःचा बॉल सरळ दिसणार नाही अशी सेफ्टी लावलीस तर दहातले किती जिंकशील? पाच? सहा? सेफ्टीनंतर जिंकायची शक्यता जास्त असेल तर सेफ्टी, बॉल मारून जिंकायची शक्यता जास्त असेल तर बॉल. निर्णय एवढाच आहे. त्यात शौर्य नाही आणि भेकडपणाही नाही. हा हिशेब तुला करता येतो, शाळेत गणितात तू कच्चा नाहीस. इथे करत नाहीस, कारण इथे बघणारे असतात.

आणि बघणाऱ्यांचं म्हणशील तर ऐक. वेस्ट मांबलममध्ये तू ज्या पूल पार्लरमध्ये रोज संध्याकाळी जातोस तिथली पद्धत मला माहीत आहे. टेबलाचे पैसे तासावर, हरणारा भरतो, बाकावर पुढच्या नंबरची पोरं ताटकळत बसलेली. बँक शॉट पडला की आरडाओरडा होतो. सेफ्टी लावली की कोणी तरी म्हणतं, चला, आवरा. त्यात तिथे फाउल झाला तर पांढरा रेषेच्या मागूनच खेळायचा, असा घरगुती नियम. पांढरा टेबलावर हवा तिथे ठेवता येत नसेल तर सेफ्टीची अर्धी धार तिथेच जाते. म्हणून त्या खोलीत सेफ्टी कोणी शिकत नाही. पण स्पर्धा त्या नियमांवर होत नाही. तिथे फाउलची शिक्षा पूर्ण असते, आणि तू टाळ्यांसाठी मारलेला बँक शॉट तिथे कोणी लक्षातही ठेवत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती तुझ्या दोस्तांना दिसली नाही, पण मला दिसली. सहाव्या गेममध्ये तू तीन-दोनने पुढे होतास. समोर सात नंबर सरळ होता, पॉकेटपासून दोन वीत. तो पाडून पुढचा लावायचा, काही अडचण नव्हती. तिथे तुझा हात थरथरला आणि तू सेफ्टी लावलीस. तीही कशी? सातावर पांढरा इतका हलका टेकवलास की एकही बॉल कुशनला लागला नाही. फाउल. पांढरा त्या मुलाच्या हातात, टेबल उघडं, गेम गेला. पहिला नियम काय आहे? पांढरा आपल्या बॉलला लागल्यावर बॉल पडला पाहिजे, नाहीतर कुठला तरी बॉल कुशनला टेकला पाहिजे. हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. टेबलावर विसरलास, कारण ती सेफ्टी नव्हतीच. तो पळ होता. सेफ्टी लावताना पांढरा कुठे थांबणार आणि समोरचा बॉल कुठे जाणार, दोन्ही आधी ठरवावं लागतं. त्यातलं तू एकही ठरवलं नव्हतंस.

म्हणजे जिथे मारायचं तिथे लपलास आणि जिथे लपायचं तिथे मारलंस. दोन्हींचं मूळ एकच. तू उभा असताना ठरवत नाहीस. आधी वाकतोस, क्यू पुढे-मागे करायला लागतोस आणि मग विचार करतोस. वाकल्यावर तुला फक्त एक बॉल आणि एक पॉकेट दिसतं. उभं राहिलास तर टेबल दिसतं.

तू म्हणशील, चांगला खेळाडू सेफ्टीतूनही सुटतो. खरं आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रीनोच्या सँड्स रीजन्सी स्पर्धेत निर्णायक रॅकमध्ये अर्ल स्ट्रिकलँडने एफ्रेन रेयेसला असाच अडकवला होता. रेयेसने पांढरा दोन कुशनवरून फिरवून बॉल पाडला आणि सामना काढला. पण तो शॉट आज तीस वर्षांनंतरही लोक का दाखवतात? कारण असं क्वचित घडतं. स्ट्रिकलँडचा निर्णय बरोबर होता. पुन्हा तीच वेळ आली तर त्याने पुन्हा सेफ्टीच लावावी. आणि तुझ्यासमोरचा मुलगा रेयेस नव्हता.

धोका कधी घ्यायचा तेही सांगतो, नाहीतर उद्यापासून प्रत्येक शॉट सेफ्टी लावत बसशील. 2013 च्या नोव्हेंबरात आनंद आणि कार्लसन यांची बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत याच चेन्नईत, तेयनाम्पेटला झाली. बारा डावांची लढत. आठ डावांनंतर आनंद पाच-तीनने मागे होता. चार डाव उरले होते आणि नवव्या डावात मोहरी पांढरी. तिथे शांत खेळून बरोबरी साधण्यात काहीच मिळकत नव्हती. आनंदने राजाच्या बाजूने सरळ हल्ला केला आणि तो करणं बरोबरच होतं. पुढे शह आला, तिथे अठ्ठाविसाव्या खेळीला उंट मधे घालायचा तो घोडा घातला आणि डाव संपला. खेळी चुकली, निर्णय चुकला नव्हता. हा फरक तुला कळायला हवा. कालच्या नवव्या गेममध्ये तुझा बँक शॉट पडला असता तरी तुझा निर्णय चुकीचाच ठरला असता, आणि मी तुला हेच ऐकवलं असतं.

आणि ज्याला तू घाबरून खेळणं म्हणतोस, त्यातूनच जग जिंकणारी माणसं या शहरात आहेत. याच चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने 2025 च्या नोव्हेंबरात दोह्यात स्नूकरचं जागतिक विजेतेपद मिळवलं, अंतिम सामना तीन-दोनने. स्नूकरमध्ये सेफ्टी न येणारा माणूस तिथवर पोचत नाही. एकेका लाल बॉलसाठी बराच वेळ वाट बघावी लागते.

तुझ्या बाबांनी परवा दुरैस्वामी सबवेपाशी गाठून मला विचारलं, पोरगं काही करेल का यात. मी म्हटलं, हात चांगला आहे. पुढचं बोललो नाही. पुढचं तुझ्या हातात आहे.

उद्यापासून पंधरा दिवस त्या पार्लरची पायरी चढायची नाही. माझ्याकडे यायचं, पाच वाजता, वही घेऊन. प्रत्येक शॉटच्या आधी टेबलाभोवती एक फेरी मारायची आणि तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: काय मारतोय, पांढरा कुठे थांबणार, चुकलं तर समोरच्याला काय उरणार. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर वाकायचं नाही. तो बारा नंबरचा बँक शॉट लावून दहा वेळा मारायचा, पडले किती ते लिहायचं. मग तीच सेफ्टी दहा वेळा, लपली किती ते लिहायचं. आकडे तुझे असतील, माझे नाहीत.

जिल्ह्याच्या स्पर्धेची नावं महिनाअखेर द्यायची आहेत. वही पाहिल्याशिवाय तुझं नाव मी देणार नाही.