शेंदराला नमस्कार

आमच्या ही-मॅनच्या डाव्या बुटावर चार दातांचे ठसे आहेत. धाकटा भाऊ दीड-दोन वर्षांचा होता, दाढा येत होत्या, हिरड्या शिवशिवल्या की तो ही-मॅनचा पाय तोंडात धरून बसायचा. या खेळण्याचं धड कडक प्लास्टिकचं असतं, पण पाय रबरासारखे मऊ. त्यामुळे ठसे खोल उमटले ते कायमचे.

मॅटेल कंपनीने 1982 साली अमेरिकेत ही-मॅन काढला. आपल्याकडे तो लिओ मॅटेलच्या नावाने मिळायचा. उंची जेमतेम साडेपाच इंच. कमरेत स्प्रिंग, वळवून सोडली की ठोसा मारतो. आम्हा दोघा भावांत मिळून तो एकच होता.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तो सापडला. माथ्यावरचा पिवळा रंग उडालेला, बुटांचा रंग जागोजाग पोपडे धरून गेलेला, छातीवरचं कवच हरवलेलं. भावाची मुलगी सहा वर्षांची होणार होती. भाऊ म्हणाला, “दादा, नवा करून दे तिला.”

मी घाई केली. स्टूलाला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट घरात होता, तोच केसांना लावला. मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि असला रंग त्याच्यावर वाळतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनीही बोट लावलं की चिकटायचं. शेवटी कापसाला स्पिरिट लावून तो रंग पुसायला बसलो, आणि त्याच्याबरोबर डाव्या डोळ्यावरची भुवईही निघून आली. कारखान्यात रंगवलेली, इतकी वर्षं टिकलेली भुवई. कापसावर तपकिरी डाग तेवढा राहिला. त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही. आता मी जी भुवई काढेन ती ही-मॅनची असेल की माझी?

ही-मॅनच्या खेळण्यांच्या मालिकेत फेकर नावाचं एक पात्र आहे. साचा ही-मॅनचाच, धड तेच, डोकं तेच. फक्त कातडी निळी, केस नारिंगी, अंगावर खलनायक स्केलेटॉरच्या घडणीचं कवच. एवढ्यावर नायकाचा तोतया तयार झाला. म्हणजे रंग ही वरवरची गोष्ट नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला समजावतो की मातीचं एक ढेकूळ कळलं की मातीचं सगळं कळलं. बाकी आकार म्हणजे नुसती नावं. मला हे कधी खोटं वाटलं नाही, पण फेकर आणि ही-मॅन शेजारी ठेवून बघितले की अपुरं वाटतं. माझ्या भावाने दात प्लास्टिकला लावले नव्हते. ही-मॅनला लावले होते.

हा घोळ डोक्यात असताना आईचा एक प्रश्न आठवला. आम्ही नाशिकचे, आई दर नवरात्रात वणीला जाते. सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आला होता. 2022 च्या पावसाळ्यात मंदिर काही आठवडे बंद ठेवून तो थर काढला आणि नवरात्रात दर्शन पुन्हा सुरू झालं. कड्यात कोरलेली अठरा हातांची देवी, तिच्या घडणीच्या रेषा आता स्पष्ट दिसत होत्या. बरोबरचे लोक भारावले होते. आई मात्र उतरताना फ्युनिक्युलरमध्ये गप्प होती. खाली आल्यावर म्हणाली, “इतकी वर्षं मी शेंदराला नमस्कार करत होते का रे?”

मला उत्तर देता आलं नाही. शेंदूर काढला ते योग्यच झालं असं मी मानतो. थरावर थर चढत गेले की खालची घडण बुजते, आणि ती घडवणाऱ्या हातांचंही आपण काही देणं लागतो. पण म्हणून आईच्या पन्नास वर्षांच्या नमस्काराला काय म्हणायचं?

उत्तर तिनेच शोधलं, पुढे कधीतरी, देवघरातले टाक चिंचेने घासताना. आमच्या खंडोबाच्या टाकावर आता घोडा असा उरलेलाच नाही. उजेडात तिरका धरला तर पाठीची एक रेघ दिसते, बाकी चांदी गुळगुळीत. “सोनार म्हणाला, उजळून देतो, नव्यासारखा दिसेल. मी दिला नाही. यावर सासूबाईंचा अंगठा फिरलाय.” मग बराच वेळ घासत राहिली आणि म्हणाली, “तो शेंदूरही कुणाकुणाच्या बोटांनीच चढला होता ना? केला मी त्यालाही नमस्कार.”

टाक तसाच राहू द्यायचा, मग ही-मॅन तरी का रंगवायचा? यावर मी बरेच दिवस अडलो होतो. मला पटलेलं असं, की टाकाला रोज हात लागतो. झिजत असला तरी तो चालू आहे. ही-मॅन तीस वर्षं पेटीत पडून होता. त्याला माझ्या आठवणी जपण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात जाण्याची गरज जास्त होती, आणि लहान मुलाच्या हातात टक्कल पडलेला नायक देणं मला बरं वाटेना.

मग सगळं नीट केलं. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतला, दोन दिवस वाळवला. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून चार थर दिले, प्रत्येक थर पुरता वाळू देऊन. वरून मॅट वार्निश. बुटांना रंग दिला, पण दातांचे खळगे पुटीने भरले नाहीत; रंग आत साचून ते बुजू नयेत म्हणून तिथे कोरडा ब्रश फिरवला. भुवई शेवटी. उजवीकडे बघून, श्वास रोखून, शून्य नंबरच्या ब्रशने. ती किंचित वर गेली, त्यामुळे तो आता विचारात पडल्यासारखा दिसतो. पुसून पुन्हा काढली नाही. भुवई माझी आहे, आणि तो ही-मॅनच आहे.

वाढदिवसाला पुतणीने कमरेची स्प्रिंग चार-पाचदा फिरवली, केसांवरून हात फिरवला. मग तिचं बोट बुटावर थांबलं.

“काका, इथे काय झालंय?”

“तुझ्या बाबाचे दात.”

तिने एकदा भावाकडे पाहिलं, पाय तोंडाजवळ नेला आणि आपले दात त्या खळग्यांत बसतात का ते हळूच लावून बघितलं.