वाजवणाऱ्याचा प्रांत

संगीताला सीमा नसतात, असं म्हणणाऱ्याने थोडे दिवस सीमाभागात राहून पाहावं. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या आसपास १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून माणूस गाण्यातली भाषा आधी ओळखतो, सूर मागाहून ऐकतो.

बेंजोला मात्र कुणी अडवत नाही. वरातीच्या पुढे तो मराठी लावणी वाजवतो, लगेच कन्नड सिनेमातली चाल, मग डीजेची कुठली तरी धून. शब्द नसल्याने तिन्ही एकाच नाक्यावरून पार होतात. वाद्य तरी कुठलं? विसाव्या शतकाच्या आरंभी जपानात निघालेलं ताइशोगोतो. इकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, पुढे वीज जोडून घेऊन अमेरिकी तंतुवाद्याच्या नावाने रस्त्यावर उतरलं. आता ते इतकं आमचं आहे की त्याच्याकडे कागदपत्रं मागायचं कुणाला सुचत नाही.

जाझ, फोक-रॉक, ईडीएम ही नावं विकणाऱ्याच्या सोयीची. वाजवणारा आधी विचारतो, बोलावणं कुठलं आणि बिदागी किती. यात कमीपणा नाही. पोटासाठी वाजवणाऱ्यांनी संगीत जेवढं इकडून तिकडे नेलं, तेवढं ध्येयासाठी वाजवणाऱ्यांनी नेलं नसावं.

गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ते अक्षरज्ञान गाठीला बांधून माणसं मुंबईला गेली. हळदोण्याचा आंतोनियो वाझ तिथे ‘चिक चॉकलेट’ झाला. रात्री ट्रंपेटवर जाझ, दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांचा सहायक. १९५१ च्या ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. संगीतकाराने चाल गुणगुणायची, गोवेकराने ती कागदावर उतरवून वाद्यावाद्यांत वाटून द्यायची, असा तो कारभार. जाझ सोवळ्यात राहिला असता तर ताजमहाल हॉटेलाच्या पायऱ्या उतरला नसता. तो बाटला आणि पानपट्टीपर्यंत पोचला.

पण तबकडीवर नाव छापलं जाई गायकाचं, संगीतकाराचं, सिनेमाचं. ट्रंपेटवाला निनावी. नाक्यावर त्याने भरलेली जकात ती हीच.

शब्दवाल्यांचं उलटं. संतकवी शिशुनाळ शरीफ हुबळीच्या पलीकडचे, एकोणिसाव्या शतकातले. त्यांच्या पदाच्या अखेरीस ‘शिशुनाळाधीश’ ही मुद्रा येते. म्हैसूरचा रघु दीक्षित लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून गिटारवर ते पद गातो, तेव्हाही मुद्रा गळत नाही. गळली तर ओळच मोडेल. शब्द सीमेवर अडतात खरे, पण पोचतात तेव्हा नावागावासकट पोचतात. (शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’ ओवणं हा केवळ विनय नव्हता, असं मला कधीचं वाटतं.)

सुळेभावी इथून लांब नाही. तिथे १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, कन्नड घरात. देवासला क्षयाने अंथरूण धरावं लागलं तेव्हा त्यांना गाण्याची मनाई होती, ऐकण्याची नव्हती. माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांतून त्यांनी धुनउगम राग बांधले. आजकाल लोकसंगीत ‘घेतात’. दोन दिवस गावात मुक्काम, एखाद्या म्हातारीचा आवाज मुद्रित करायचा, खाली ठेका घालायचा, झालं. पडून ऐकणं आणि येऊन नेणं, यांत मी पडून ऐकणाऱ्याच्या बाजूचा. तरी माळव्यात ती गीतं म्हणणाऱ्या बायकांची नावं आम्हा कुमारभक्तांपैकी किती जणांना सांगता येतील?

चरणजीत सिंग मुंबईच्या सिनेवाद्यवृंदातले गिटारवादक. १९८२ साली त्यांनी भैरव, यमन, मालकंस असे दहा राग जपानी यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तबकडी खपली नाही. त्यांतलं एक यंत्र रोलँडचं टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला रियाजात खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेलं, आणि तेही न खपलेलं. पाचेक वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून अ‍ॅसिड हाउस काढलं आणि जग नाचलं. मुंबईत कुणी आधीच तसलं काही वाजवून ठेवलंय, याचा त्यांना पत्ता नव्हता. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली आणि सत्तरीला आलेल्या चरणजीतना युरोपातून बोलावणी येऊ लागली. त्यांना शोधता आलं, कारण त्या वेष्टनावर त्यांचं नाव होतं. ज्या सिनेगीतांत त्यांनी वर्षानुवर्षं गिटार वाजवली, त्यांच्या वेष्टनांवरून त्यांचं घर सापडलं नसतं.