बदली एकाची, गाव दोघांचं

जोडीदाराला बिदर-कलबुर्गीकडे नोकरी लागली, की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो. खरा प्रश्न वेगळा आहे: सोबत जाणाऱ्याच्या हाताला तिथे काय काम मिळेल? सीमेमुळे हा प्रश्न अवघड होतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सोयरिकी मात्र सीमा ओलांडून होतच राहिल्या. माहेरची पदवी सोबत येते, पण तिथल्या सरकारी नोकरीला कन्नड लागते आणि घटनेच्या 371 जे कलमाखालचे स्थानिकांचे आरक्षण जन्म किंवा अधिवास पाहून मिळते.

कुणी म्हणेल, नोकरी तिथे बिऱ्हाड, त्यात निवड कसली? पण 2017 पासून बिदर आणि कलबुर्गी ही दोन्ही शहरे थेट रेल्वेने जोडलेली आहेत. कलबुर्गीत विद्यापीठ आहे. बिदरहून उदगीर जवळ, मराठीही कानावर पडते. एकाच्या प्रवासाचा शीण आणि दुसऱ्याची रिकामी वर्षे एकाच तराजूत तोलली, तर निवड उरतेच. म्हणून सामान बांधण्याआधी दोघांनी मिळून दोन्ही शहरे पाहावीत, आणि कन्नडची मुळाक्षरे आजच गिरवायला घ्यावीत.