दुरुस्त केलेला सूर कोणाचा?

वादक हयात नाही. पियानोपुढचे आसन रिकामे आहे. तरीही पट्ट्या आपोआप दबतात, वर येतात आणि खोलीत एक धावती, हसरी लय भरून राहते. हे दृश्य आम्ही प्रथम पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर; सटाण्यासारख्या गावी स्वयंचलित पियानो कोठून असणार? आमच्यापैकी एकाच्या वसईच्या मेहुण्यांनी जुन्या अमेरिकन जॅझ पियानोची काही ध्वनिमुद्रणे धाडली होती. त्यांतील काही १९२० नंतरच्या तबकड्यांवरून घेतलेली होती. काही मात्र त्याच काळातील छिद्रित कागदाच्या गुंडाळ्या, म्हणजे पियानो रोल, पुन्हा वाजवून अलीकडच्या काळात मुद्रित केलेली होती. पावसाळ्यातील चार-सहा रविवारी संध्याकाळी आम्ही ती एकत्र बसून ऐकली. ऐकता ऐकता एक प्रश्न उभा राहिला. तो संगीतापेक्षा नीतीचा अधिक आहे, म्हणून वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. गेलेल्या माणसाचे काम सुधारून पुढच्या पिढीच्या हाती द्यावे काय? आणि दिले, तर ते कोणाच्या नावाने?

प्रथम हे यंत्र कसे चालते ते पाहू. कागदाची रुंद गुंडाळी एका पितळी दांडीवरून सरकते. दांडीला ओळीने भोके असतात. १९०८ साली अमेरिकन उत्पादकांनी ठरविलेल्या मानकानुसार पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी ८८. कागदावरचे छिद्र एखाद्या भोकावर आले की त्यातून हवा आत ओढली जाते, त्या स्वराची झडप हलते आणि हातोडी तारेवर पडते. हवा ओढण्याचे काम भाते करतात, आणि भाते चालवतो तो पायपट्ट्या मारणारा घरचा माणूस. आपल्या पायपेटीचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक या जातीचे होते. पुढे रेडिओ घरोघरी आला, १९२९ ची मंदी आली, आणि हे पियानो अडगळीत गेले.

या गुंडाळ्यांवर जी शैली विशेष गाजली तिचे नाव स्ट्राइड. स्ट्राइड म्हणजे लांब ढांग. वादकाचा डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला सूर घेतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला झेप घेऊन मध्य सप्तकातला स्वरमेळ पकडतो. उजवा हात वर मनसोक्त खेळत असतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय कुटुंबांना घरभाडे जड जाई, तेव्हा घरातच नाच-गाण्याची बैठक भरवून, प्रवेशाचे पैसे घेऊन भाडे भागवण्याची रीत पडली होती. या बैठकींत एकट्या पियानोला सबंध वाद्यवृंदाचे काम करावे लागे. ते या डाव्या हाताने केले. जेम्स पी. जॉन्सन हा या शैलीचा जनक समजला जातो. ‘कॅरोलिना शाउट’ या त्याच्या रचनेचे रोल निघाले आणि १९२१ मध्ये तबकडीही निघाली. वॉशिंग्टनमध्ये राहणारा तरुण ड्यूक एलिंग्टन ती रचना रोलवरूनच शिकला. यंत्राची गती मंद करावयाची, पट्ट्या कोठे दबतात ते पाहावयाचे आणि त्यांवर आपली बोटे ठेवावयाची, असे त्याचे शिक्षण चालले. समोर नसलेल्या गुरूचा हात धरून एक थोर संगीतकार घडला, हे ऐकून आम्ही भारावून गेलो.

तथापि हा हात खरोखर गुरूचाच होता काय? येथे आमच्या बैठकीत मतभेद झाला. सामान्य रोल कोणता सूर केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला एवढेच नोंदवतो. तो हळू वाजवला की जोरात, हे नोंदवत नाही. १९०४ पासून निघालेल्या काही महागड्या यंत्रांत तीही सोय होती, परंतु लोकप्रिय संगीताचे बहुतेक रोल साधेच असत. शिवाय वादक उठून गेल्यावर कारखान्यातील संपादक कागद पुढ्यात घेत. लय सरळ करीत, चुकलेला सूर बुजवीत, दोन हातांना शक्य नसलेले जादा सूरही छिद्रांनी भरीत. क्यूआरएस या कंपनीत जे. लॉरेन्स कुक या कृष्णवर्णीय संगीतज्ञाने अनेक दशके हे काम केले आणि हजारो रोल तयार केले. नामवंत वादकांच्या शैली त्याला हुबेहूब साधत. घरोघरी पायपट्ट्या मारणाऱ्यांपैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक असेल?

पुनर्मुद्रण करणाऱ्यांपुढे तर हा पेच अधिकच बिकट. १९७६ मध्ये जॉर्ज गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’चा १९२५ चा रोल जिवंत वाद्यवृंदासोबत वाजवण्यात आला. त्या रोलमध्ये वाद्यवृंदाचे सूरही पियानोवरच भरलेले होते. ती छिद्रे बुजवून केवळ एकल वादनाचा भाग मोकळा ठेवला गेला. १९९७ मध्ये आर्टिस वोडहाउस या विदुषीने जेली रोल मॉर्टनच्या १९२४ च्या सुमाराच्या रोलना नवे रूप दिले. रोलमध्ये नसलेला जोर आणि हळुवारपणा तिने त्याच्या तबकड्या बारकाईने ऐकून ठरवला आणि संगणकाला जोडलेल्या पियानोवर तो उतरवला. आपण काय केले हेही तिने स्पष्ट सांगितले.

आमच्यापैकी एक म्हणाले, “ही सारी बनावट आहे. खरा पुरावा फक्त तबकडी.” यावर दुसऱ्यांनी विचारले की तबकडी तरी निर्दोष कशी? १९२१ साली मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्याच्या रोखाने वाजवी आणि पियानोचा अर्धा घुमारा वाटेतच विरून जाई. रचना तीन मिनिटांत आटपावी लागे. जी बैठकीत पंधरा मिनिटे रंगली असेल, तिची ही कापलेली छाया. म्हणजे रोलने हाताचे वजन गमावले आणि तबकडीने त्याचा अवकाश. निर्मळ, अस्पर्शित हात कोठेच उरलेला नाही. मग तिसरे म्हणाले, “कानाला गोड लागले, पुरे झाले. कोणी वाजवले याच्याशी आपल्याला काय करावयाचे आहे?” खरे सांगावयाचे तर त्या संध्याकाळी आम्हा बहुतेकांना हेच पटले होते.

पण हाच प्रश्न आपल्या घराजवळ आणून पाहिला की तो इतका सोपा राहत नाही. जॅझ मुंबईला १९३० च्या दशकात चांगलेच रुजले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड आला. शिकागोत नाव कमावून १९२६ मध्ये आशियाकडे निघालेला हा पियानोवादक. स्ट्राइडच्या परंपरेतला दणकट डावा हात त्याने शांघायमार्गे येथवर आणला. मुंबईनंतर तो कलकत्त्यात स्थिरावला, तेथे त्याने तबकड्या केल्या आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने त्याचा अंत झाला. या पाहुण्यांच्या शेजारी बसून जे वाजवू लागले त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ होते. पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांत उपासनेच्या गायनासाठी स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिकवणीवर हे लोक मुंबईत पोट भरण्यास आले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ तेथे ‘चिक चॉकलेट’ झाले आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले.

हेच वादक पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत शिरले. संगीत दिग्दर्शक चाल देई. तिच्यामागे व्हायोलिनचे थर कोठे यावेत, ट्रम्पेट कोठे फुटावे, हे कागदावर उतरवण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक करीत. तबकडीवर नाव छापले जाई संगीत दिग्दर्शकाचे, संयोजकाचे क्वचितच. ते गाणे सारा देश गुणगुणे. पट्ट्या हलताना दिसाव्यात आणि आसन रिकामे असावे, तसाच हा प्रकार.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर विलक्षण आहे. १९२७ मध्ये जन्मलेले हे व्हायोलिनवादक उत्तम संयोजक होते. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम घडवून आणला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात शिष्याने गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात गुंफले. भक्तिभावानेच गुंफले, परंतु देशभर पसरले ते केवळ नाव. लोक त्याला एक काल्पनिक पात्र समजले, आणि त्या नावाचा खरा माणूस गोव्यात शांतपणे जगून २०१२ मध्ये निवर्तला. म्हणजे नाव छापले की ऋण फिटले असेही नाही. नावामागे कोणता हात होता हे सांगावे लागते.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही. आमच्या भागातील एका छोट्या ख्रिस्ती वस्तीत एक मास्तर होते. मुलांना धर्मशिक्षण द्यावयाचे आणि रविवारी पायपेटी वाजवावयाची. त्यांनी बांधलेल्या चाली सारेगमच्या अक्षरांत एका वहीत उतरवलेल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर आम्ही त्या चालींची पुस्तिका काढली, सोबत ध्वनिमुद्रणही केले. वही जुनी, ताल जागोजागी सुटलेला. आम्ही तो नीट बसवला. पुस्तिकेवर छापले, ‘संकलन व संपादन: समिती’. मास्तरांचा उल्लेख प्रस्तावनेत एका ओळीत झाला. तेवढे पुरेसे आहे असे आम्हांस मनापासून वाटले होते.

मास्तरांची मुलगी सासरहून आली तेव्हा आम्ही तिला ते मुद्रण ऐकवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “सुरात सगळं बरोबर आहे. पण बाबा इथं थांबायचे.”

तिसऱ्या ओळीच्या शेवटी मास्तर खरोखरच थांबत. पेटीचा भाता फाटका होता. तेथवर येईतो हवा संपे, मग ते दोनदा पायपट्ट्या मारून हवा भरून घेत. आम्ही ती तालाची चूक समजून काढून टाकली होती. पण मुलीने पुढे जे सांगितले त्याने आम्ही निरुत्तर झालो. भात्याला पुढे नवे कातडे बसले, तरी मास्तर तेथे थांबतच राहिले. म्हाताऱ्या बायाबापड्यांना त्या जागी श्वास घेण्याची सवय झाली होती. वही पुन्हा उघडली. त्या जागी एक बारीक उभी रेघ होती. छापताना आम्ही ती शाईचा ओघळ म्हणून वगळली होती.

यंत्राची उणीव माणसाने कधी आपलीशी केली, हे बाहेरच्याला कसे कळावे? जॉन्सनच्या रोलमधला एखादा उशिरा पडलेला सूर कागद ताणल्यामुळे आला, संपादकाच्या हातून आला, की वादकाने मुद्दाम रेंगाळत ठेवला, हे आज खात्रीने सांगणे कठीण आहे. चूक कोणती आणि निवड कोणती, हे मागून येणाऱ्याला नेहमी ओळखता येत नाही. म्हणून सुधारणा करूच नये असे आम्ही म्हणत नाही. कोणी पाय मारल्यावाचून रोल वाजत नाही आणि कोणी उतरवून घेतल्यावाचून वही वाचत नाही. गतकाळाला नेहमीच आपला श्वास उसना द्यावा लागतो. पण आपला श्वास कोठे सुरू होतो हे झाकणे मात्र अप्रामाणिक आहे. आपण काय बदलले ते सांगावे, मूळ जसे होते तसे जपावे, आणि मूळ हात कोणाचा होता ते ठळकपणे लिहावे. असे केले तर उद्या एखादी मुलगी येऊन आपली चूक दाखवू शकते. मूळच नाहीसे केले तर तिच्या म्हणण्याला पुरावा राहत नाही, आणि आपल्या चुकीला दुरुस्ती राहत नाही.

ऋण आठवणीत ठेवण्याची रीत सटाण्याला नवी नाही. १८७०-७१ च्या दुष्काळात ज्या मामलेदाराने भुकेलेल्यांसाठी सरकारी खजिना उघडला, त्या यशवंतराव महाराजांना हे गाव ‘देवमामलेदार’ म्हणून पूजते आणि दरवर्षी त्यांची यात्रा भरते. आमच्या मास्तरांसाठी यात्रा भरणार नाही, भरावी असेही नाही. आम्ही एवढेच केले आहे: वहीची पानोपान छायाप्रत काढून ठेवली, आणि पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत एक चिठ्ठी चिकटवली. तीत मास्तरांचे पूर्ण नाव आहे, आम्ही केलेल्या बदलांची यादी आहे, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती उभी रेघ आहे. गेल्या रविवारी तेथे आम्हीही थांबलो.