बियाणं आणि खावटी

दर मंगळवारी रिझर्व्ह बँक राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते. कोणत्या राज्याने किती कोटी उचलले, किती वर्षांसाठी, किती टक्क्यांनी, हे त्याच दिवशी कळतं. बुधवारी मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला येणाऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर त्याच्या दोन ओळी असतात: मध्य प्रदेश सरकारने आणखी एवढं कर्ज घेतलं. गेली काही वर्षं मी ही कात्रणं जपून ठेवतो आहे. त्यांत रक्कम असते, मुदत असते, व्याजाचा दर असतो. पैसा कशासाठी घेतला, हे मात्र सहसा नसतं. फार तर 'विकासकामांसाठी' एवढा एक शब्द.

आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात कर्ज हा शब्द कधीच इतका मोघम नव्हता. धान देण्याघेण्याचा व्यवहार वाढीदिढीचा असायचा, म्हणजे एक खंडी नेली की सुगीला दीड खंडी घालायची. पण तो धान बियाणासाठी नेला की खावटीला, म्हणजे घरी खायला, हा प्रश्न देणाराही विचारायचा आणि नेणाऱ्याच्या घरची बाईसुद्धा. पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला नेलेल्या धानाला दिढी लागली तरी पाऊस बरा झाला तर बांधी, म्हणजे धानाचं खाचर, त्याच्या कितीतरी पट देऊन जायची. खावटीचा धान महिन्याभरात संपायचा आणि दिढी तेवढीच राहायची. खावटी घेणं पाप नव्हतं. आषाढात कोठी रिकामी झाल्यावर पोरांना उपाशी ठेवून कोण रोवणी करणार? पण सलग तीन वर्षं खावटी घेणाऱ्या घराची जमीन चौथ्या वर्षी टिकणार नाही, हे गावात सगळ्यांना कळायचं. देशांच्या आणि राज्यांच्या कर्जाकडे मी याच नजरेने पाहतो. अर्थशास्त्र यापेक्षा गुंतागुंतीचं आहे हे मला मान्य आहे, तरीही पहिला प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

मध्य प्रदेशाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ लाख २१ हजार कोटी रुपयांचा होता. राज्यावरचं कर्जही तोवर चार लाख कोटींच्या वर गेलं होतं. म्हणजे वर्षभराचा सगळा खर्च आणि डोक्यावरचं सगळं कर्ज जवळपास बरोबरीला आले. नुसत्या या आकड्यामुळे संकट येत नाही. राज्याचं उत्पन्न वाढतं आहे, कर्ज रुपयांत आहे, आणि ते देणाऱ्यांत बहुतेक आपल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी आहेत. केंद्राची स्थितीही बघा. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५० लाख ६५ हजार कोटींच्या खर्चापैकी पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास रक्कम एकट्या व्याजासाठी होती आणि भांडवली खर्चासाठी सव्वाअकरा लाख कोटींच्या आत. दर चार रुपयांतला एक रुपया जुन्या कर्जाचं व्याज फेडण्यात जातो आणि नवं काही उभारायला त्याहून कमी उरतं. याला लगेच दिवाळखोरी म्हणता येणार नाही, पण बियाणापेक्षा जुन्या कर्जाचं व्याज मोठं झाल्याची ही खूण आहे.

आता खावटीची गोष्ट, आणि इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण हा विषय निघाला की शहरातली शहाणी माणसं गरिबाच्या ताटाकडे बोट दाखवून मोकळी होतात.

आमच्याकडे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमाराला लाडली बहना योजनेचे पैसे येतात. जून २०२३ मध्ये पहिला हप्ता हजार रुपयांचा आला, त्याच वर्षी तो साडेबाराशे झाला आणि २०२५ च्या अखेरीस दीड हजार. सव्वा कोटीच्या आसपास बायकांना तो मिळतो. वारासिवनीकडच्या एका गावात मी असाच पैसे येण्याच्या दिवशी बँकेच्या कियोस्कवर बसलो होतो. रोवणीचे दिवस होते. बायका बांधीतून सरळ आलेल्या, पायावरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. त्यातल्या एकीने अंगठा लावला, पैसे घेतले, पदराच्या गाठीत न बांधता हातातल्या छोट्या पासबुकात ठेवले आणि बाहेर आली. ते पासबुक बँकेचं नव्हतं, बचतगटासारख्या समूहाला कर्ज देणाऱ्या कंपनीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वसुलीची बैठक होती. गटातल्या एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांना भरावा लागतो, म्हणून ती पैसे घरी नेतच नव्हती.

मी मनात हिशेब मांडला. राज्य सरकार बाजारातून सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने पैसा उचलतं. त्यातला काही भाग या बाईच्या खात्यात येतो आणि तिथून वीस-चोवीस टक्क्यांच्या कर्जाच्या हप्त्यात जातो. या पैशाला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिचं महागडं कर्ज थोडं हलकं होतं, पोराची फी भरली जाते, नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. ही खावटी आहे आणि तिची खरोखर गरज आहे. पण ती कायमची देणगी असेल, तर तिच्यामागे कायमचं उत्पन्नही हवं. वर्षाला बावीस हजार कोटींच्या आसपासचा खर्च सुरू करायचा, त्यासाठी नवा कर लावायचा नाही, श्रीमंतांना मिळणारी कोणतीही सूट काढायची नाही आणि तूट मंगळवारच्या लिलावातून भरायची, ही पद्धत मला मान्य नाही. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने नेमकं हेच झालं. त्या बाईच्या हातात आज दीड हजार येतात आणि तिच्या नातवाच्या नावावर कर्ज चढतं, याचा जाब तिला विचारता येणार नाही. ज्यांनी कर न लावता मतं मागितली, त्यांनाच तो विचारायला हवा. आणि अशा घोषणा सत्तेतले आणि विरोधातले दोघेही सारख्याच उत्साहाने करतात.

इथल्या मातीने दुसरं टोकही पाहिलं आहे. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांच्या हातून कटक आणि वऱ्हाड गेले आणि उत्पन्न एकदम खाली आलं. दुसऱ्या रघूजींनी उरलेल्या मुलखातून, म्हणजे आमच्या लांजीसारख्या परगण्यांतूनही, ती तूट भरून काढायचा प्रयत्न केला. गावांवर सारा चढवला, नव्या पट्ट्या बसवल्या, फौजेचा पगार तुंबला तेव्हा शिपाई रयतेलाच लुटू लागले. लोकांनी राजाला 'बडा बनिया' हे नाव ठेवलं. कर्ज आणि तूट आवरण्याच्या नावाखाली सगळ्यात दुबळ्याची मान पिळायची, हा उपाय तेव्हाही राज्य वाचवू शकला नाही. काटकसरीचे सल्ले आजही आधी शाळा, दवाखाने आणि रेशन यांच्यावरच येऊन आदळतात, तेव्हा मला हा मुलूख आठवतो.

परक्या चलनातलं कर्ज काय करतं, त्यासाठी १९९१ ची गोष्ट थोडक्यात. आखाती युद्धाने तेल महागलं, परदेशस्थ भारतीयांनी ठेवी काढल्या, आधीच्या दशकातल्या तुटीमुळे घर पोकळ झालं होतं, आणि तीन आठवड्यांची आयातही भागणार नाही एवढंच परकीय चलन उरलं. जुलैमध्ये जवळपास ४७ टन सोनं परदेशी रवाना करून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव त्याआधी सहा वर्षांहून अधिक काळ आमच्या शेजारच्या रामटेकचे खासदार होते. त्यांनी आणि मनमोहन सिंगांनी मग काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने त्यातला मुद्दा एवढाच: तेव्हाचा फास परक्या चलनाचा होता. रुपयातलं कर्ज देशाला हळूहळू पोखरतं, डॉलरमधलं कर्ज एका हंगामात गळा आवळतं.

श्रीलंकेत हेच अधिक क्रूरपणे घडलं. २०१९ च्या अखेरीस तिथल्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. मग कोविडने पर्यटन बुडालं. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली. धान पिकवणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की युरिया एका हंगामात बंद केला तर काय होतं. तांदळाचं उत्पादन कोसळलं, तांदूळ डॉलर देऊन आणावा लागला आणि डॉलर संपले. १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यानंतरची वाटाघाट कितीतरी लांबली. चीन एकीकडे, भारत-जपानसारखे देश दुसरीकडे, रोखे घेतलेले खासगी गुंतवणूकदार तिसरीकडे, प्रत्येकाची बैठक वेगळी आणि अट वेगळी. दुसऱ्याने सूट दिल्याशिवाय आपण का द्यायची, हा प्रत्येकाचा सवाल. रोख्यांची अदलाबदल २०२४ चा डिसेंबर उजाडेपर्यंत चालली. तोवर तिथल्या मुलांच्या ताटातलं अन्न कमी झालं होतं. बुडालेल्या कंपनीसाठी कायदा आहे, कोर्ट आहे. बुडालेल्या देशासाठी अजून असं काहीच नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ॲन क्रुगर यांनी २००१ मध्ये तशी व्यवस्था सुचवली होती, पण दोन वर्षांत ती कल्पना बारगळली.

याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण ही व्यवस्था कशी असावी ते आमच्या जुन्या प्रांताने फार आधी करून दाखवलं आहे. बालाघाट तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत धानाचा भाव पार पडला. कर्ज रुपयांत होतं, ते तेवढंच राहिलं. जे कर्ज फेडायला आधी ठरावीक धान लागायचा, त्यासाठी आता कितीतरी जास्त धान विकावा लागू लागला. अशा वेळी १९३३ मध्ये प्रांताने कर्ज तडजोड कायदा केला. देशातला तो या प्रकारचा पहिला, इतर प्रांतांनी मागून तसेच कायदे केले. कायद्याची रीत साधी होती. कर्जदाराने किंवा सावकाराने मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळ सगळ्या सावकारांना नोटीस काढणार आणि ज्याचं जे येणं असेल ते त्याने मुदतीत लेखी मांडायचं. जो मांडणार नाही, त्याचं येणं फिटलं असं धरलं जाई. मग सगळे एका बैठकीत. कर्जदार खरोखर किती देऊ शकतो ते बघून रक्कम ठरायची, हप्ते पडायचे, करार नोंदवला जायचा. एखादा सावकार वाजवी देकार असूनही अडून बसला तर मंडळ तसा दाखला देई, आणि पुढे कोर्टात त्याला खर्चही मिळत नसे आणि मनमानी व्याजही.

या कायद्याने सगळे शेतकरी सुटले असं मी म्हणणार नाही. पण त्यातल्या तीन गोष्टी आजच्या जगालाही पुऱ्या पडतील. सगळ्या सावकारांनी एका सतरंजीवर बसायचं. लपवलेलं कर्ज कर्जच धरायचं नाही. आणि ज्याने जोखीम पत्करून जास्त व्याज घेतलं, त्याने बुडीतातही वाटा उचलायचा. हा शेवटचा मुद्दा परदेशी रोखेधारकांना सगळ्यात जड जातो आणि तोच सगळ्यात न्याय्य आहे.

आपल्या घरचे उपाय याहून जवळ आहेत. बालाघाट हा गरीब समजला जाणारा जिल्हा, पण भरवेलीला मॅंगनीज आहे आणि मलाजखंडला देशातला तांब्याचा मोठा साठा. खनिज निघतं, ट्रक जातात, धूळ राहते. खनिजांच्या हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं. वस्तू आणि सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हाती स्वतःचे असे फार थोडे कर उरले आहेत, त्यामुळे या निकालाचं मोल मोठं आहे. तो अधिकार जपून वापरावा, उद्योग पळून जाईल असा नव्हे. पण खावटी द्यायचीच असेल तर ती या उत्पन्नातून द्यावी.

बियाणाचं कर्जही वेळेवर पेरलं तरच बियाणाचं. कटंगीजवळचा बावनथडी प्रकल्प, म्हणजे राजीव सागर, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी मिळून बांधला. काम सत्तरच्या दशकातलं, आणि पाणी बांधीत पोचायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. तोवर खर्च वाढत राहिला, व्याजही. उलट वैनगंगेवरचा ब्रिटिश काळातला ढुटी बंधारा अजून कालव्यांतून पाणी देतो, त्याला किती खर्च आला ते कोणाच्या लक्षातही नाही. म्हणून नुसतं 'भांडवली खर्च' हे लेबल पुरेसं नाही. काम कधी पुरं होणार आणि त्यातून काय परत येणार, हे कर्ज घेतानाच सांगायला हवं.

हे सांगायची सक्ती कोणी करायची? बाबासाहेब आंबेडकरांचा १९२५ चा ग्रंथ ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या घडणीवर आहे. सरकारी पैशाचा माग त्यांच्याइतका बारकाईने फार थोड्यांनी काढला. १९४९ मध्ये घटना समितीत केंद्राच्या कर्ज काढण्याच्या अधिकारावर चर्चा झाली. सरकारने त्या-त्या वर्षी किती कर्ज घ्यावं याची मर्यादा घालणारा कायदा संसद दरवर्षीही करू शकेल, हे आंबेडकरांनी मान्य केलं होतं. आज कलम २९२ मध्ये संसदेला आणि कलम २९३ मध्ये राज्यांच्या विधिमंडळांना मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. वित्तीय जबाबदारीचा कायदा केंद्रात २००३ मध्ये झाला, राज्यांतही झाले, पण ते टक्क्यांचे कायदे आहेत. तीन टक्के की साडेतीन यावर चर्चा होते आणि 'कशासाठी' हा प्रश्न बाजूला राहतो. शिवाय महामंडळांच्या नावाने काढलेली आणि सरकारने हमी दिलेली कर्जं या टक्क्यांच्या बाहेर ठेवण्याचा मोह सगळ्याच राज्यांना होतो.

माझी मागणी फार मोठी नाही. भोपाळच्या विधानसभेत अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात एक पुरा दिवस फक्त कर्जासाठी ठेवावा. त्या वर्षी लिलावातून किती उचलणार, महामंडळांच्या नावाने किती, हमी किती, हे तिथे वाचून दाखवावं. प्रत्येक रकमेपुढे बियाणं की खावटी ते लिहावं. खावटी असेल तर तिच्यामागचा कर कोणता, आणि बियाणं असेल तर पीक कोणत्या वर्षी येणार. वारासिवनी, कटंगी आणि बैहरच्या आमदारांनी त्यावर उभं राहून बोलावं आणि मत द्यावं. त्यानंतरच पहिला मंगळवार यावा.